करंजमाळचा धक्का

१

धोंडिराम बनसोडे घराच्या भिंतीखाली सापडून मेला, हे सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात टाळ्यांच्या गजरात जाहीर झालं.

टाळ्या त्याच्या मरणाला नव्हत्या, असं नंतर सगळे सांगत सुटले. त्या प्राध्यापक कृष्णात सूर्यवंशींच्या कॉम्प्युटरला होत्या. कॉलेजानं कोयना खोऱ्यातल्या चार शाळांत भूकंपमापक यंत्रं बसवली होती. त्या यंत्रांनी टिपलेल्या धक्क्यांवरून सूर्यवंशींच्या कॉम्प्युटरनं एक नियम शोधला होता: धरणाचं पाणी उतरलं की करंजमाळ वस्तीखाली धक्के वाढतात. नियम होळीच्या सुमारास छापून आला आणि मे महिन्यात धोंडिरामची भिंत पडली. सूर्यवंशी माइकवरून म्हणाले, "दुर्दैवानं आमचं भाकीत खरं ठरलं." 'दुर्दैवानं' म्हणताना त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

शेवटच्या रांगेत विजयमाला घोरपडे बसल्या होत्या. सरकारी नोकरीत त्यांचा जन्म भूकंपाचे आलेख वाचण्यात गेला होता, आणि निवृत्त झाल्यापासून असल्या परिषदांत जाऊन मनातल्या मनात लोकांची सालं काढणं हा त्यांचा विरंगुळा होता. सूर्यवंशींबद्दल त्यांचं मत कधीचं पक्कं झालं होतं. या माणसानं भूकंप आयुष्यात फक्त टाइप केला होता.

मग मयताच्या मुलीचा सत्कार निघाला. बापाच्या मरणाबद्दल शाल आणि नारळ! आम्रपाली बनसोडे पाटणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती स्टेजवर आली. शाल तिनं घडी करून टेबलावर ठेवली आणि सूर्यवंशींच्या हातातला माइक घेतला.

"माझा बाप भूकंपानं मेला न्हाई," ती म्हणाली. "त्याला मारलंय."

२

माइक लगेच बंद झाला. अशा कामात कॉलेजं फार तत्पर असतात. जेवणाची वर्दी झाली आणि पाहुणे जिलबीकडे वळले.

विजयमालाबाई आम्रपालीला घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या. खोली थंडगार होती. माणसांना पंखा आणि यंत्राला एसी, हा न्याय त्यांनी सगळीकडे पाहिला होता.

"कशावरून म्हणतेस?"

"त्या दिवशी आमचं घर हाललं, भांडी पडली, बाबांच्या अंगावर भिंत आली. पण नाल्यापलीकडच्या वाडीत कुणाला कळलंबी न्हाई. आवं, एवढा मोठा भूकंप नाला वलांडत न्हाई व्हय?"

"आणि मारणार कोण? कशासाठी?"

"ते मला ठावं असतं तर हितं आले असते व्हय, बाई? पण आता हुकूम आलाय. डोंगर धोक्याचा म्हणं, वस्ती उठवायची. सत्तेचाळीसच्या आधीपास्नं आमी त्या माळावर हाय. बाबा म्हणायचे, मी मेलो तरी हितनं हलणार न्हाई." तिनं हुकमाचा कागद टेबलावर ठेवला. "ते तसंच झालं."

तोवर सूर्यवंशी जिलबीचे हात पुसत आत आले. त्यांच्यामागं त्यांची सहायक रेश्मा थोरात होती. प्रोग्रॅम खरं म्हणजे तिनं लिहिला होता. नाव अर्थातच सरांचं होतं.

"घोरपडेबाई, कॉम्प्युटरला भावना नसतात," सूर्यवंशी म्हणाले. "तो प्रश्नांचं एक झाड काढतो. पहिली फांदी कोणती, तर पाण्याची पातळी. आम्ही काही सांगितलं नाही, त्यानंच शोधलं."

"धरणाचं पाणी कधी उतरतं?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात आणखी काय काय होतं? आंबे येतात. लग्नं होतात. आंब्यानं भूकंप होतो, असं का नाही छापलंत?"

रेश्मानं खाली मान घालून हसू दाबलं.

"तुमच्या यंत्राला तुम्ही तारीख, वेळ, जोर आणि पाणी एवढेच रकाने दिलेत. त्यानं त्यातूनच उत्तर काढलं. बिचाऱ्याची चूक नाही. धक्क्याची पहिली उडी कुठल्या रकान्यात आहे?"

"पहिली उडी म्हणजे?" सूर्यवंशींनी विचारलं.

विजयमालाबाईंनी डोळे मिटले. या माणसाला परदेशातून निमंत्रणं येत होती.

"भूकंपात खडक सरकतो. सरकताना तो एकीकडे ढकलतो आणि दुसरीकडे ओढतो. म्हणून चार दिशांच्या चार यंत्रांत काहींची सुई आधी वर उडते, काहींची खाली. सुरुंगाला ओढणं माहीत नसतं. तो सगळीकडे ढकलतोच. चारी सुया वर. मूळ आलेख कुठं आहेत?"

"गोदामात. पण आता त्यांचं काय? सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

"सगळं," विजयमालाबाई म्हणाल्या, "कचऱ्यात आहे. गोदामाची किल्ली द्या."

३

आलेखांच्या गुंडाळ्यांवर उंदरांनी संसार थाटला होता. विजयमालाबाई भिंग घेऊन बसल्या. रेश्मा शेजारी बसून एकेका धक्क्याला चार खुणा टाकत गेली: वर, खाली, वर, वर. पहिल्या दिवशी ती विचारून लिहीत होती. पुढं पुढं बाईंच्या आधीच बोलू लागली आणि बहुतेक वेळा बरोबर बोलू लागली. बाईंनी तिची स्तुती केली नाही. पण तिच्यासाठी चहा मागवला, जो त्यांनी या कॉलेजात दुसऱ्या कुणासाठी मागवला नसता.

"पाण्याचा रकाना काढून टाक," शेवटी त्या म्हणाल्या. "उडीचा घाल. मग विचार तुझ्या झाडाला."

कॉम्प्युटर बराच वेळ गुरगुरला. प्रिंटर करकरत कागद ओकू लागला.

रेश्मानं कागद फाडला आणि ती तशीच उभी राहिली. धक्क्यांची सरळ दोन गावं झाली होती. एका गावातले धक्के दिवसा, रात्री, पावसात, थंडीत, कधीही आलेले. दुसऱ्या गावातल्या धक्क्यांच्या चारी सुया वर. ते फक्त उजेडी आलेले, फक्त कोरड्या महिन्यांत, आणि भर दुपारी, जेवणाच्या वेळेला, एकही नाही.

"हे जेवायला जातात, बाई," रेश्मा हळूच म्हणाली.

"धोंडिरामचा धक्का कुठल्या गावातला?"

रेश्मानं तारीख शोधली. बोट दुसऱ्या गावावर थांबलं.

४

विजयमालाबाई आम्रपालीबरोबर एसटीनं कोयनानगरला गेल्या. करंजमाळच्या भवताली सुरुंगाची दारू बाळगून असणारे तीनच जण होते. पाटणचे फौजदार आप्पासो जगदाळे यांनी नावं सांगितली, पण चौकशीला यायचा उत्साह दाखवला नाही. "कागदावर भूकंप हाय, बाई. भूकंपाला बेड्या कशा घालू?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या विनोदाला दाद दिली.

पहिला हंबीरराव. वस्तीच्या खालच्या अंगाला त्याची दगडाची खाण होती. गळ्यात साखळी, तोंडात तोबरा. बाईंना त्यानं बसायलाही सांगितलं नाही.

"म्या सुरुंग लावतो. परवाना हाय. लावू न्हाई तर काय दगडाला विनवू व्हय, बाबा फूट म्हणून? त्या धोंडिरामानं माज्यावर धा अर्ज केलं. मेला, लय वाईट झालं. पर म्या न्हाई मारला."

"काम रोज चालतं?"

"मंगळवार सोडून. मंगळवारी खाली बाजार. बाजाराला गडी कामावर ठरत न्हाई. खोऱ्यात कुणाचाबी ठरत न्हाई."

थुंकी बाईंच्या चपलेजवळ पडली. त्याच घटकेला त्यांनी त्याला गुन्हेगार ठरवून टाकलं.

दुसरा लालासाहेब. लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतून पेन्शनवर आलेला, बांधावरून धोंडिरामशी हाडवैर. धरणाच्या फुगवट्यात जिलेटिनची कांडी टाकून मासे मारायचा, आणि ते कबूल करताना त्याला लाजही वाटत नव्हती. "मासं मारतो, बाई. मानूस मारायला सरकार पगार द्यायचं, तवाच मारत होतो." पाण्यातल्या स्फोटाचा आलेख घंटेसारखा घुमत राहतो, हे बाईंना माहीत होतं. गोदामातल्या कागदांवर ते घुमणं नव्हतं. त्याला त्यांनी तिथंच सोडून दिलं.

तिसरे वीरधवल माने. पाणी उपसून नेणाऱ्या एका योजनेच्या बोगद्याचं काम घेतलेल्या कंपनीचे इंजिनिअर. त्यांनी बाईंना खुर्ची पुढं केली, चहा चिनी मातीच्या कपांत दिला आणि बाईंचा एक जुना निबंध आपण वाचल्याचंही सांगितलं. खोऱ्यात आल्यापासून बाईंशी नीट मराठीत बोलणारा हा पहिलाच माणूस.

"आमच्या बोगद्याचं तोंड या माळावरच काढायचं होतं," ते सरळ म्हणाले. "वस्तीनं कोर्टातून स्थगिती आणली. तेव्हापासून काम ठप्प आहे. दारूचं कोठार उघडलेलंही नाही. मी नुसता रखवालदार झालोय, बाई."

"धक्के जाणवतात तुम्हाला?"

"फार. तुम्ही थकलेल्या दिसता. रविवारपर्यंत राहा ना आमच्या गेस्टहाऊसवर. रविवारी इथं अगदी शांत असतं. धक्का नाही, काही नाही. निवांत डोंगर पाहून घ्या."

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. बाहेर पडल्यावर आम्रपालीला म्हणाल्या, "सभ्य माणूस आहे."



५

कोयनानगरच्या एसटीडी बूथमधून बाईंनी सांगलीला फोन लावला.

"रेश्मा, तुझ्या यंत्राला तारीख कळते, वार कळत नाही. त्याला वार शिकव. दुसऱ्या गावातले धक्के वारांप्रमाणे लाव. मंगळवार रिकामा निघेल. निघाला की हंबीरराव संपला."

फोन ठेवून त्या थेट फौजदारांकडे गेल्या आणि हंबीररावाचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. आप्पासोंना त्याच्याशी जुना हिशेब असावा. आता मात्र त्यांना भलताच उत्साह आला. संध्याकाळच्या आत हंबीररावाला भर नाक्यावरून, लोकांच्या देखत, जीपमध्ये घातलं. बाईंनी ते लांबून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेश्माचा फोन आला.

"बाई, मंगळवार रिकामा नाही."

"परत बघ."

"तीनदा बघितलं. मंगळवार भरलेला आहे. रिकामा रविवार आहे. दुसऱ्या गावातला एकही धक्का रविवारी झालेला नाही."

तिकडं सूर्यवंशींनी फोन ओढून घेतला होता. "साधी गोष्ट आहे, घोरपडेबाई. रविवारी शाळा बंद. शिपाई नाही, यंत्र बंद. म्हणजे तुमचं सगळं पृथक्करण..."

"फोन रेश्माकडे द्या."

"हॅलो, बाई?"

"पहिल्या गावातले खरे भूकंप रविवारी आहेत का?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "आहेत. इतर वारांइतकेच."

"मग यंत्र जागं होतं. रविवारी निजत होता तो सुरुंगवाला." हंबीररावाची खाण तर रविवारीही चालायची; त्याचे उघड्यावरचे लहान बार यंत्रांपर्यंत पोचतच नव्हते, हे आता उघड होतं. "रेश्मा, रविवारचं हे तू कुणाला बोललीस का? आधी कधी?"

"कुणाला बोलणार? मलाच आत्ता कळलं. वारांचा रकानाच नव्हता."

बाईंनी फोन हळू खाली ठेवला. रविवारी धक्के होत नाहीत, हे आजपर्यंत कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. सूर्यवंशींना नव्हतं. वस्तीला नव्हतं, तिथं जो तो पुढच्या धक्क्याची धास्ती घेऊन जगत होता, वार मोजायची कुणाला शुद्ध? आणि स्वतः त्यांनाही नव्हतं.

ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्यानं चिनी मातीच्या कपातून चहा पाजत ते त्यांना सांगितलं होतं.

६

तिरस्कार ही विजयमालाबाईंची आयुष्यभराची शिल्लक होती. ती आपण साखळी, तोबरा आणि थुंकी पाहून भलत्याच माणसावर उधळली आणि चहाच्या कपाला भुललो, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. कबूल करताना स्वतःलाही दोन शिव्या घातल्या.

आप्पासोंना त्यांनी ठाण्यात गाठलं.

"हंबीररावाला सोडा. आणि कंपनीच्या दारूच्या कोठाराच्या किल्ल्या कुणाकडं असतात ते सांगा."

"दोन कुलपं असत्यात. नियमच हाय. एक किल्ली साहेबाकडं, एक कोठीवाल्याकडं. दोघं असल्याबिगर उघडत न्हाई. कोठीवाला बिराप्पा, जतकडचा. शनवारी सांच्याला बायकोकडं कराडला जातो, सोमवारी सकाळी येतो."

"म्हणजे रविवारी कोठार उघडू शकत नाही."

"कसं उघडंल?" आप्पासो म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची मान आपोआप ताठ झाली. कळायला त्यांना वेळ लागायचा. पण कळलं की कळायचं.

रविवारीच डोंगर बघायला गेले. विजयमालाबाई, आम्रपाली, आप्पासो आणि दोन शिपाई. त्या वारी तिथं जीवाला धोका नव्हता, हे आता कागदावर सिद्ध होतं. चार यंत्रांत धक्का पोचल्याच्या वेळांवरून बाईंनी नकाशावर एक ठिकाण काढलं होतं: वस्तीच्या मागच्या कड्यातलं. तिथं कंपनीनं स्थगितीपूर्वी खडक तपासायला एक आखूड बोगदा खणला होता. तोंडावर पत्रे ठोकलेले होते. पत्र्यांवर गंज होता, पण खिळे चकचकीत होते.

शिपायांनी पत्रे काढले. बॅटरीच्या उजेडात आतल्या खडकाला ताजी भोकं दिसली, ओळीनं. खाली तारांचे तुकडे, भोकं बुजवायच्या मातीच्या गोळ्या आणि पांढरा भुगा. आम्रपाली आत आत चालत गेली आणि टोकाला थांबली. तिनं वर बोट दाखवलं.

"हितं वर आमचं घर हाय," ती म्हणाली. "बरोब्बर हितं."

७

सोमवारी सकाळी बिराप्पा कराडच्या एसटीतून उतरला तेव्हा आप्पासो थांब्यावर उभे होते. बिराप्पाला फार विचारावं लागलं नाही.

"साहेब म्हणालं, खडकाची चाचणी हाय. लहान लहान बार. मी किल्ली लावायचो, त्येंनी माल न्यायचा. वर मानसं हायत, मी म्हणालो, सायेब, वर घरं हायत. म्हणालं, घरं आता उठणारच." तो खाली बसला आणि त्यानं डोकं धरलं. "त्या दिवशीचा बार मोठा व्हता. मी त्येंना म्हणालो, ह्यो लहान न्हाई. ऐकलं न्हाई."

वीरधवल माने गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पुन्हा खुर्ची पुढं केली. विजयमालाबाई या खेपेला उभ्याच राहिल्या.

"तुमचा डाव वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "कोर्ट माणसांची बाजू घेतं. भूकंपापुढं कोर्टाचं काय चालणार? डोंगर हलतो असं एकदा कागदावर आलं की सरकारच वस्ती उठवणार आणि स्थगिती आपोआप गळून पडणार. कॉलेजची यंत्रं तुमचे बार टिपत होती, आणि एक मूर्ख प्राध्यापक त्यांना भूकंप म्हणून छापत होता. तुम्हाला खोटं बोलायचीही गरज पडली नाही. तुमच्यातर्फे विज्ञानच बोललं."

"पुरावा?" मान्यांनी शांतपणे विचारलं.

"बोगदा. भोकं. बिराप्पा. आणि तुम्ही स्वतः. रविवारी धक्के होत नाहीत, हे कुणालाच ठाऊक नसताना तुम्हाला ठाऊक होतं."

मान्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. भीतीपेक्षा त्यावर वैताग जास्त होता.

"बाई, या योजनेनं खालच्या तालुक्यांत हजारो एकर भिजणार आहे," ते म्हणाले. "त्यापुढं माळावरची दहा घरं काय? मला माणूस मारायचा नव्हता. म्हातारा बाहेर पळेल असं वाटलं होतं. इतर सगळे पळाले."

आम्रपाली व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती.

"बाबांचं गुडघं गेलं व्हतं," ती म्हणाली. "पळता येत नव्हतं त्यास्नी. नुसती चौकशी केली असती तरी कळलं असतं. सगळ्या माळाला ठावं व्हतं."

आप्पासोंनी बेड्या काढल्या.

८

परतताना विजयमालाबाई खाणीवर थांबल्या. हंबीरराव त्यांना पाहून उठला नाही.

"मी चुकले," त्या म्हणाल्या.

"नाक्यावर समद्यांदेखत जीपमदी घातला," तो म्हणाला. "चुकलं म्हणायला मातर हितं आलाय, खाणीत. नाक्यावर चला."

बाई नाक्यावर गेल्या. मंगळवार होता, बाजार भरलेला. वांगी-मिरच्यांच्या ढिगांमध्ये उभं राहून, हंबीररावाकडं बोट करून, ठणकावून सांगितलं की या माणसाचा काही गुन्हा नव्हता आणि चूक आपली होती. असं काही त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. हंबीररावानं शांतपणे ऐकलं, थुंकला आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेला.

वस्ती उठवायचा हुकूम मागं घ्यायला सरकारनं पावसाळा पुरा काढला. मरणाच्या दाखल्यावरचा 'भूकंप' खोडायला त्याहून जास्त वेळ लागला; आम्रपालीनं त्यासाठी साताऱ्याच्या इतक्या फेऱ्या मारल्या की कचेरीतले शिपाई तिला बसायला स्टूल देऊ लागले. सूर्यवंशींनी परदेशात नवा निबंध वाचला: तज्ज्ञाच्या ज्ञानानं कॉम्प्युटरला वाट दाखवता येते असा. त्यात तज्ज्ञाचं नाव नव्हतं. रेश्मानं कॉलेज सोडलं.

थंडीत आम्रपालीनं बाईंना करंजमाळावर जेवायला बोलावलं. नवी भिंत विटांची होती. धोंडिरामची बायको बायडाबाई चुलीपुढं नाचणीच्या भाकरी थापत होती. बाईंनी पहिला घास तोंडाशी नेला आणि जमीन हलली.

फळीवरची ताटं किणकिणली. आढ्यातून धूळ गळली. विजयमालाबाई ताट टाकून उठल्या, दाराकडं वळल्या. आयुष्यभर कागदावर वाचलेलं ते तळपायातून वर चढत होतं.

बायडाबाईनं भाकरी उलटली. तव्यावर नाही, सरळ निखाऱ्यावर, फुगायला.

"बसा, बाई," ती म्हणाली. "जेवा निवांत. ह्यो धरतीचा हाय, मानसाचा न्हाई."